लिफ्टचा अविभाज्य भाग

बिरू गडदेनं तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबवली, स्टुलावरून उठला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तेवढा सातवा नियम खोडा."

आमच्या विद्यापीठात कुणाशी खाजगी बोलायचं असलं की लोक कँटीनमागच्या चिंचेखाली जात. बिरूकडे त्याहून चांगली जागा होती. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस समोरच्याचं सगळं ऐकून घेतो, हे त्याला नोकरीत कळलं होतं. नोकरी म्हणायचं आपलं. विज्ञान भवनात लिफ्ट बसली त्या दिवसापासून तो तिच्यात स्टूल टाकून बसत होता, आणि त्या दिवसापासून रोजंदारीवर होता. बटण दाबलं की ही लिफ्ट आपोआप वरखाली जायची. पण ते बटण बिरूच दाबायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"कुठला सातवा नियम, बिरूमामा?" मी विचारलं. तो मीच लिहिला होता, तरी विचारलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा रसायनशास्त्र विभागात नवी अधिव्याख्याता होते, नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्या काळी आमच्याकडे धोकादायक पदार्थांची वाहतूक म्हणजे एक सोहळा असायचा. ॲसिडच्या बाटल्या भाजीच्या पिशवीतून जायच्या. मुलं स्कूटरवर मागे बसून ईथरची बाटली बाळासारखी कुशीत धरून आणायची. दोनचार शिपायांचे हात भाजले, एका मुलाचा डोळा थोडक्यात वाचला, पण विद्यापीठाचं मन काही द्रवलं नाही. मग एकदा कुलगुरूंच्या गाडीच्या डिकीत अमोनियाची बाटली सांडली, आणि सुरक्षेचं महत्त्व सगळ्यांना एकदम पटलं. आठवड्यात समिती नेमली गेली.

समितीचे अध्यक्ष कुलसचिव माणगावे. त्यांचा रसायनशास्त्राशी संबंध खायच्या सोड्यापुरता. दुसरे डॉ. रेठरेकर, अतिशीत प्रयोगशाळेचे संचालक. आणि लिहायला कोणीतरी हवं म्हणून मी. पहिल्या बैठकीत माणगावे साहेबांनी समितीच्या नावात 'सुरक्षित वाहतूक' म्हणावं की 'वाहतूक सुरक्षा' यावर छान चर्चा घडवून आणली. नियम मात्र मी एकटीनं बसून लिहिले. बाटली हातात न्यायची नाही, बादलीत ठेवून न्यायची. स्कूटर, सायकल, रिक्षा बंद. आणि सातवा नियम असा होता: द्रव नायट्रोजनचं पिंप लिफ्टमधून नेताना आत कोणतीही व्यक्ती असू नये. खाली एका व्यक्तीनं पिंप आत ढकलून बटण दाबावं, वर दुसऱ्या व्यक्तीनं आधीच उभं राहून ते उतरवून घ्यावं.

नायट्रोजन विषारी नाही. आपण श्वासात घेतो त्यातला बराचसा तोच असतो. पण द्रव नायट्रोजन भयंकर थंड, सतत उकळत असतो, आणि थोडासा सांडला तरी त्याचा वायू होऊन बंद खोलीतली सगळी हवा हुसकून लावतो. वास नाही, ठसका नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो खरंच झोपतो. बंद लिफ्टइतकी यासाठी सोयीची जागा दुसरी नाही.

असलं पिंप दर बुधवारी रेठरेकरांच्या प्रयोगशाळेत जायचं, आणि ती होती सहाव्या मजल्यावर. ती तळमजल्यावर हवी, हे कुणीही सांगितलं असतं. पण सहाव्या मजल्याच्या खिडकीतून तलाव दिसतो, आणि दिल्लीहून पाहुणे आले की रेठरेकर त्यांना आधी खिडकी दाखवत, मग विज्ञान.

"सातवा म्हंजे त्यो पिंपाचा," बिरू म्हणाला. "लिफ्टीत कुणी असू नये म्हंता तुमी. म्हंजे मीबी नको?"

"तुम्हीच नको. तुमच्यासाठीच लिहिलाय. दर बुधवारी तुम्ही त्या पिंपाशेजारी बसून जाता, ते बघवत नाही मला."

"आन् पिंप येकटं वर गेलं, तर लिफ्ट बी येकटीच वर गेली की." त्यानं भिंतीवरच्या बटणांवर हात ठेवला. "येकदा का लिफ्ट माझ्याबगर गेली, का साहेब म्हंत्याल, मग हितं स्टूल कशाला? माझी कायमची फाइल त्यांच्या टेबलावर हाय. सहीच तेवढी ऱ्हायलीय."

मी त्याला वायूचं सगळं समजावून सांगितलं. झोपेचंही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. त्याची थोरली मुलगी तेव्हा नर्सिंगला होती आणि तिच्या वसतिगृहाच्या कागदावर वडिलांची नोकरी कायम आहे असं लिहून दिलेलं होतं, हे मला त्यानंच मागे एकदा याच दोन मजल्यांच्या मध्ये सांगितलं होतं.

"जीव जाईल मामा," मी म्हटलं.

"जीव कवातरी जायचाच हाय, मॅडम. नोकरी आत्ता जाईल."

त्यानं बटण दाबलं आणि मला पाचव्या मजल्यावर नीट सोडलं.

पुढच्या बैठकीत मी नियम खोडला नाही. उलट म्हटलं, नियम राहू द्या आणि बिरू गडदेंना आधी कायम करा, म्हणजे त्यांची भीती जाईल. माणगावे साहेब हसले. म्हणाले, मॅडम, ही सुरक्षा समिती आहे, आस्थापना समिती नाही. रेठरेकरांना निराळी काळजी होती. लिफ्ट बिनमाणसाची सोडली आणि मध्येच एखाद्या मजल्यावर कुणी ती बोलावून घेतली तर त्यांचा नायट्रोजन जागेअभावी याच इमारतीत बसवलेल्या वाणिज्य विभागात पोचायचा. आत माणूस हवाच. पण नियम तर म्हणतो माणूस नको. आणि नियमावली दिल्लीला पाठवून झाली होती, कारण रेठरेकरांच्या अनुदानाला ती जोडायची होती.

चहा आला. माणगावे साहेबांनी बशीत बिस्किट बुडवलं, ते मोडून पडलं, आणि त्या गाळाकडे बघता बघता त्यांना मार्ग सुचला.

"उद्वाहनचालक हा उद्वाहनाचा अविभाज्य भाग समजावा," ते म्हणाले. लिफ्टला ते कायम उद्वाहनच म्हणत. "व्यक्ती म्हणजे बाहेरून लिफ्टमध्ये येणारा. चालक बाहेरून येत नाही, तो आतच असतो. जसं बटण, जसा पंखा."

"सर, तो श्वास घेतो," मी म्हटलं.

"पंखासुद्धा हवा घेतोच की, मॅडम."

रेठरेकर हसले. मी माझा विरोध नोंदवा म्हणून सांगितलं, तो त्यांनी आनंदानं नोंदवला. विरोध नोंदवायला आमच्याकडे कधीच कुणाची हरकत नसते. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. शेळीला उंटाचाच भाग ठरवणारी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बिरू मात्र खूश झाला. लिफ्टमध्ये पाय टाकल्या टाकल्या म्हणाला, "साहेबांनी मला लिफ्टीतच धरलं, मॅडम. आता मला कोण काढतंय?" मला त्याचा राग आला, साहेबांचा त्याहून जास्त आला, आणि मी जिन्यानं जाऊ लागले. बुधवारी मात्र मी सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी जाऊन उभी राहायची. वर एक व्यक्ती हवी, असा नियम होता. निदान तेवढा तरी पाळला जावा.

म्हणूनच त्या बुधवारी मी तिथं होते.

दुपारची जेवणाची वेळ. लिफ्ट खालून निघाल्याचं दारावरच्या आकड्यांवरून दिसत होतं. चार झाला, पाच झाला, आणि आकडेच विझले. वीज गेली. विद्यापीठाला भारनियमनातून सूट होती, तशी पाटीही फाटकावर होती, पण वीज मंडळाच्या माणसांनी बहुधा ती वाचली नसावी. जनरेटर होता. तो पदवीदान समारंभाच्या वेळी सुरू होतो.

मी जिन्यावरून पाचव्या मजल्यावर धावले आणि दार बडवलं. "बिरूमामा!" आतून आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. काहीतरी धातूचं घसरल्याचा आवाज झाला. पुन्हा हाक मारली, तेव्हा उत्तर उशिरा आलं. तिसऱ्या हाकेला आलंच नाही.

लिफ्टचं दार बाहेरून उघडायची एक किल्ली असते. ती कुठे आहे म्हणून मी ओरडून विचारलं, तर कुणीतरी खालून सांगितलं, बिरूच्या कमरेला. ती आतच होती. लिफ्टचा अविभाज्य भाग असल्यासारखी.

शेजारच्या प्रयोगशाळेतून मी स्टँडची लोखंडी सळई आणली. एम.एस्सी.ची दोन मुलं जेवणाचे डबे टाकून आली. सळई फटीत घालून आम्ही दार फाकवलं. लिफ्ट अर्ध्यावर अडकलेली, तिचा तळ माझ्या कमरेइतका उंच. आतलं दार फाकवल्याबरोबर पांढरं धुकं भात उतू जावा तसं आमच्या पायांवर ओघळलं. पिंप कलंडून भिंतीला टेकलं होतं. बिरू स्टुलाशेजारी खाली बसलेला, मान छातीवर, एक हात वर, बटणांच्या पट्टीपाशी. मुलांनी त्याला पायांना धरून ओढलं. मी त्यांना श्वास रोखून धरा म्हणून ओरडत होते आणि स्वतः रडत होते.

खिडकीपाशी नेऊन आडवा केल्यावर त्याचा श्वास सुरू झाला. मोठा, घरघरता. ओठांचा निळेपणा हळूहळू गेला. डाव्या पोटरीवर थंडीनं भाजल्याचे फोड आले होते. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला.

"मॅडम, लिफ्ट मीच आणली न्हवं? आपसूक न्हाई ना आली?"

मी हो म्हटलं. तुम्हीच आणली. तेव्हा त्यानं पुन्हा डोळे मिटले.

तो दवाखान्यात होता तेवढ्यात चौकशी समिती नेमली गेली. तीच समिती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. निष्कर्ष तयारच होता: लिफ्टमध्ये कोणतीही व्यक्ती नव्हती, सबब नियमाचा भंग झालेला नाही, सबब कोणत्याही व्यक्तीला इजा झालेली नाही. मी विचारलं, मग दवाखान्यात कोण आहे? माणगावे साहेब म्हणाले की समितीचं कार्यक्षेत्र विद्यापीठाच्या आवारापुरतं आहे.

एवढ्यावरच सगळं मिटलं असतं. पण अनुदान देणाऱ्या संस्थेचा एक निरीक्षक दिल्लीहून आला, आणि त्या गृहस्थानं चक्क नियमावली, मागाहून जोडलेल्या व्याख्येसकट, वाचली होती. खिडकीतला तलाव पाहून झाल्यावर त्यानं शांतपणे विचारलं, हा चालक तुमच्या आस्थापनेवर आहे का? रोजंदारीचा आहे, असं कळल्यावर तो म्हणाला, मग तो बाहेरचा झाला, आणि बाहेरच्याला तुम्हीच व्यक्ती म्हटलंय. व्यक्ती आत होती म्हणजे नियम मोडला. नियम मोडणाऱ्या प्रयोगशाळेला आम्ही अनुदान देत नाही.

रेठरेकरांचा चेहरा मी तेवढा पांढरा कधी पाहिला नव्हता, आणि त्यांचा सगळा व्यवसाय पांढऱ्या धुक्याशी होता. त्या दुपारी माणगावे साहेबांच्या टेबलावरून एक फाइल हलली. इतकी वर्षं तिच्यावर पेपरवेट, चष्मा आणि दिवाळी अंक ठेवले जात होते. संध्याकाळच्या आत बिरू गडदे विद्यापीठाच्या सेवेत कायम झाला, तेही मागील तारखेपासून, म्हणजे अपघाताच्या आधीपासून. आता तो लिफ्टचा अविभाज्य भाग अगदी कायदेशीररीत्या होता. कर्मचारी संघटनेचे मोर्चे, निवेदनं, उपोषण, कशानं जे झालं नाही ते मरता मरता राहिल्यानं झालं. संघटनेनं विजयी मेळावा घेतला तो वेगळाच.

बिरू लंगडत पेढे घेऊन आला. मी पेढा घेतला आणि म्हटलं, "आता नाही म्हणा मामा. आता ते तुम्हाला काढू शकत नाहीत. पिंपाबरोबर बसणार नाही म्हणून सांगा."

त्यानं पेढ्यांचा खोका बंद केला. "आदी कायम न्हवतो म्हून न्हाई म्हंता येत न्हवतं. आता कायम झालोय, मग साहेबाला न्हाई कसं म्हणू? आर्डरीत तसं लिवलंय. उद्वाहनासोबत हजर ऱ्हावं."

रात्रभर मनातल्या मनात माणगावे साहेबांशी भांडले, आणि त्यातच माझाच नियम मला नीट आठवला.

बुधवारी मी जेवण लवकर उरकून तळमजल्यावर गेले. बिरू नव्या गणवेशात लिफ्टमध्ये उभा होता. पिंप बाहेर व्हरांड्यात चाकांवर, तोंडातून पांढरी वाफ सोडत. रेठरेकर स्वतः हजर होते. मी लिफ्टमध्ये गेले आणि बिरूच्या स्टुलावर बसले.

"मॅडम, बाहेर या," रेठरेकर म्हणाले. "पिंप आत घ्यायचंय."

"घ्या ना सर. पण मी व्यक्ती आहे. मी बाहेरून आलेय, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. व्यक्ती आत असताना पिंप नेता येत नाही."

"हा काय पोरखेळ आहे?"

"सातवा नियम आहे. दिल्लीला पाठवलेला."

ते चिडले. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही याची त्यांनी मला आठवण करून दिली. मी म्हटलं, लक्षात आहे सर, म्हणूनच नियम पाळतेय. मला भीती वाटत होती, पण उठायचं नाही हे ठरलेलं होतं. माणगावे साहेबांना निरोप गेला. ते बैठकीत होते. जिन्याशी मुलं जमली, त्या दिवशी सळई धरणारी दोघंही होती. बिरू माझ्याकडे बघत होता, मग बाहेर बघत होता. आणि पिंप उकळत होतं. द्रव नायट्रोजनचं हे बरं असतं, तो कुणाची वाट बघत नाही. रेठरेकर दर थोड्या वेळानं त्या वाफेकडे बघत. त्यांचा सगळा आठवडा व्हरांड्यात उडून चालला होता. घाई त्यांना होती, मला नव्हती.

शेवटी ते म्हणाले, "काय हवंय तुम्हाला?"

"लिहिलंय तेच. पिंप एकटं जाईल. खाली एक व्यक्ती, वर एक व्यक्ती. मधल्या मजल्यांच्या दारांशी ही मुलं उभी राहतील, वाणिज्य विभागात काही जाणार नाही."

रेठरेकरांनी वाफेकडे आणखी एकदा पाहिलं. "बिरू, बाहेर ये," ते म्हणाले.

बिरू हलला नाही. त्याचा हात गणवेशाच्या खिशाकडे गेला. आत घडी केलेली ऑर्डर होती, ती त्यानं वरूनच चाचपली. मी उठून स्टूल उचललं आणि लिफ्टबाहेर भिंतीशी ठेवलं. मग तो आला. उंबऱ्यावरून उतरावं तसा, एक पाय आधी, मग फोडांचा पाय.

मुलांनी पिंप आत ढकललं. बिरू त्या लिफ्टकडे बाहेरून बघत होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हिला येकटीला जमतंय, हे मला पयल्या दिसापासनं ठावं हाय, मॅडम. म्हून तर उतरत न्हवतो."

आणि तो जिन्याकडे निघाला. कुठे, म्हणून मी विचारलं नाही. एका पायावर जोर देत, कठड्याला धरत, थांबत थांबत तो वर गेला. त्या इमारतीचा जिना त्यानं कधी चढलेला मी पाहिला नव्हता.

आम्ही खाली थांबलो. रेठरेकरांचं बोट बटणावर होतं, पण दाबता येत नव्हतं, कारण नियमानं वर आधी कोणीतरी उभं असायला हवं होतं. शेवटी त्यांनी जिन्याच्या पोकळीत मान वर करून हाक दिली, "वर कोणी व्यक्ती आहे का?"

अगदी वरून, धाप लागलेला आवाज आला.

"हाय की साहेब. मी हाय."

रेठरेकरांनी बटण दाबलं.